फोम गनला फेस का येत नाही? वॉशरचा प्रवाह, दाब आणि जेटचं छिद्र यांचा मेळ



टोमॅटोचे क्रेट मार्केटमधून परत येतात तेव्हा रिकामे येत नाहीत. कुणाच्या तरी रानातली माती, सडलेल्या फळाचा रस आणि चिखल घेऊन येतात. त्या मातीतून जिवाणूजन्य मर आणि सूत्रकृमी आपल्या प्लॉटमध्ये यायला एवढी वाट पुरते. म्हणून क्रेट, गोठा, ट्रॅक्टर धुवायला बऱ्याच सभासदांनी प्रेशर वॉशर घेतले आणि त्याला साबणाची फोम गनही घेतली.

आता ग्रुपवर तक्रारी येतायत. "फेस येत नाही, नुसतं साबणाचं पाणी येतंय." "गन लावली की मोटर चालू-बंद, चालू-बंद होते." आपल्या एका सभासदाने तर साबण भेसळीचा आहे म्हणून तीन दुकानांतून तीन साबण आणले. साबण तिन्ही चांगले होते. गनमधलं पितळी जेट मशीनला मोठं होत होतं. फरक होता ०.१५ मिलिमीटरचा!

आजचा धडा तेवढ्याच विषयावर आहे. जरा मोठा आहे, पण सेव्ह करून ठेवा. वॉशर किंवा गन *विकत घेण्याआधी* वाचला तर जास्त फायदा.

━━━━━━━━━━
*१) फोम गनच्या आत काय होतं?*
━━━━━━━━━━

गनमध्ये चार गोष्टी असतात:

🔹 *जेट* – बारीक छिद्राचा पितळी तुकडा. दाबाचं पाणी यातून सुसाट निघतं.
🔹 *साबणाची नळी* – पाणी वेगाने गेल्यामुळे जेटच्या पुढे ओढ तयार होते आणि बाटलीतला साबण वर खेचला जातो.
🔹 *हवेचं छिद्र* – त्याच ओढीने बाहेरची हवा आत येते. फेस म्हणजे शेवटी हवाच. हवा नाही तर फेस नाही.
🔹 *जाळी* – स्टीलच्या तारेचा गुंडाळा. साबण, पाणी आणि हवा त्यावर आपटून बारीक बुडबुडे होतात.

म्हणजे सगळा खेळ जेटमधून निघणाऱ्या पाण्याच्या *वेगावर* आहे. वेग दाबावर अवलंबून, आणि दाब किती तयार होणार ते ठरतं दोन गोष्टींवर: मशीन मिनिटाला किती पाणी देतं आणि छिद्र केवढं आहे.

इथे बरेच जण फसतात. "माझं मशीन १०० बारचं आहे" असं म्हणतात. पण पंप दाब तयार करत नाही, पंप पाणी ढकलतो. पुढे वाट अरुंद असेल तर दाब चढतो, वाट मोठी असेल तर दाब पडतो. ठिबकची लॅटरल शेवटी उघडी टाकली की दाब पडतो ना, तसंच. १०० बारच्या मशीनला मोठ्या छिद्राचं जेट लावलं की ते १०० बारचं राहत नाही.

━━━━━━━━━━
*२) हिशोब – एकदाच समजून घ्या*
━━━━━━━━━━

जवळपासचा अंदाज देणारं सूत्र:

👉 *प्रवाह (लिटर/मिनिट) = ०.६ × छिद्र × छिद्र × √दाब*

छिद्र मिलिमीटरमध्ये, दाब बारमध्ये. (१ बार = साधारण १४.५ पीएसआय. १ एमपीए = १० बार. आपल्या एचटीपीवर जे किलो लिहितात, ते जवळपास बारच समजा.)

सूत्र नको असेल तर खालची यादी बघा. जेटवर अंदाजे किती दाब तयार होईल ते दिलंय:

*मशीन ६ लिटर/मिनिट* (घरगुती छोटं)
• १.० मिमी जेट → १०० बार
• १.१ मिमी जेट → ६८ बार ✅
• १.२५ मिमी जेट → ४१ बार
• १.४ मिमी जेट → २६ बार

*मशीन ८ लिटर/मिनिट*
• १.१ मिमी → १२१ बार
• १.२५ मिमी → ७३ बार ✅
• १.४ मिमी → ४६ बार

*मशीन १२ लिटर/मिनिट* (मोठं, सर्व्हिस सेंटरसारखं)
• १.२५ मिमी → १६४ बार
• १.४ मिमी → १०४ बार ✅
• १.५ मिमी → ७९ बार ✅

पहिली यादी पुन्हा बघा. १.१ वरून १.२५ मिमीवर गेलो, डोळ्याला फरक दिसणारही नाही, पण दाब ६८ वरून ४१ वर आला. वरच्या सभासदाचं नेमकं हेच झालं होतं. मशीन ६ लिटरचं आणि गनमध्ये जेट १.२५ चं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गनमध्ये हेच जेट बसवलेलं असतं, ते मोठ्या मशीनला चालतं. आपल्याकडे बहुतेकांकडे छोटं मशीन आहे.

*कोणतं निवडायचं?* जेटवरचा दाब मशीनच्या रेटेड दाबाच्या साधारण ६० ते ८५ टक्के यावा.
⬇️ त्यापेक्षा खूप कमी आला तर ओढ कमी, हवा कमी, फेस पातळ.
⬆️ रेटेड दाबाच्या वर गेला तर मशीन जास्तीचं पाणी बायपासला टाकतं किंवा प्रेशर स्विच मोटर बंद करतो. दाब उतरला की मोटर परत चालू. हीच ती चालू-बंद. असं रोज चाललं तर स्विच आणि मोटर दोन्ही जातील.

म्हणून "जेवढं बारीक छिद्र तेवढा जास्त फेस" असं समजून सगळ्यात बारीक जेट आणू नका.

━━━━━━━━━━
*३) मशीनचा खरा प्रवाह बादलीने मोजा* 🪣
━━━━━━━━━━

मशीनवरची पट्टी बघा, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नका. पट्टीवर दोन-दोन आकडे असतात: रेटेड आणि मॅक्सिमम. जाहिरातीत मॅक्सिमम ओरडून सांगतात, कामाचा आकडा रेटेड असतो.

*खोटा आकडा ओळखायची युक्ती:*
लिटर/मिनिट × बार ÷ ६०० = पाण्याला मिळणारी शक्ती (किलोवॅट).
समजा लिहिलंय १८०० वॅट, १५० बार, ८ लिटर. ८ × १५० ÷ ६०० = २.० किलोवॅट. मोटरच १.८ किलोवॅट घेते, मग पाण्याला २.० कुठून देणार? म्हणजे १५० बार आणि ८ लिटर एकाच वेळी मिळणार नाहीत. एक आकडा एका अवस्थेतला, दुसरा दुसऱ्या. दुकानात उभं राहून मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हा हिशोब करा.

*बादलीची पद्धत:*
१. २० लिटरची बादली किंवा कॅन घ्या. २० लिटरची खूण मापाने पक्की करा.
२. गनला नेहमीचं नोझल लावूनच गन बादलीत धरा. नोझल काढून मोजलं तर दाब नसल्यामुळे प्रवाह खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो.
३. मशीन चालू करा, ट्रिगर दाबा आणि मोबाईलवर सेकंद मोजा.
४. *१२०० ÷ सेकंद = लिटर/मिनिट.*

उदा. २०० सेकंद लागले → ६ लिटर. १५० सेकंद → ८ लिटर. १०० सेकंद → १२ लिटर.

पट्टीपेक्षा बरंच कमी आलं तर आधी पाणी आत नीट येतंय का ते बघा. टाकी खाली असणं, पाईप लांब आणि बारीक असणं, जाळी गाळाने भरणं, पाईपच्या जोडातून हवा ओढली जाणं ही नेहमीची कारणं. मशीनला जेवढं पाणी लागतं त्यापेक्षा जास्त पाणी आत यायला हवं, नाहीतर पंप हवा ओढतो, खडखडतो आणि सील खराब होतात.

━━━━━━━━━━
*४) जेटचं छिद्र कसं ओळखायचं?*
━━━━━━━━━━

काही जेटवर आकडा कोरलेला असतो. नसेल तर १.०, १.१, १.२ मिमीचे बारीक ड्रिल बिट हार्डवेअरच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. बिटची गुळगुळीत बाजू हाताने अलगद आत घालून बघा. जो जेमतेम जातो तो आकार.

⚠️ *मशीनमध्ये बिट लावून छिद्र मोठं करू नका.* मोठं केलेलं छिद्र परत बारीक होत नाही. तारेने, खिळ्यानेही खरवडू नका, छिद्राची कड बिघडली की धार फाटते.

बोअरच्या पाण्यात बारीक वाळू असेल तर पितळी जेट हळूहळू झिजून आपोआप मोठं होतं. पहिल्या वर्षी चांगला फेस देणारी गन नंतर पातळ द्यायला लागली, तर साबणाच्या आधी जेट तपासा. मशीनच्या पाणी आत येण्याच्या तोंडाला जाळीचा फिल्टर लावाच.

━━━━━━━━━━
*५) "माझ्याकडे एचटीपी आहे, त्याला फोम गन लावू का?"*
━━━━━━━━━━

हा प्रश्न सगळ्यात जास्त आला. उत्तराचे दोन भाग आहेत.

*हिशोबाचा भाग:* एचटीपी आणि वॉशर एकमेकांच्या उलट आहेत. वॉशरमध्ये पाणी कमी, दाब जास्त. एचटीपीत पाणी भरपूर, दाब कमी. समजा एचटीपी मिनिटाला ३० लिटर देतो आणि तुम्ही तो ३० बारवर चालवता. १.२५ मिमी जेटमधून ३० बारला साधारण ५ लिटरच जाईल, बाकीचं २५ लिटर बायपासच्या पाईपने टाकीत परत. साबण ओढला जाईल, पण दाब ३० च्या वर जाणार नाही, म्हणून फेस पातळच राहणार. जेट मोठं केलं तर पाणी जास्त निघेल, दाब तेवढाच. म्हणजे एचटीपीवर जेट बदलून घट्ट फेस मिळत नाही. बायपास बंद करून दाब वाढवायचा प्रयत्न *बिलकुल करू नका*, पाईप फुटतो.

*दुसरा भाग जास्त महत्त्वाचा:* ज्या एचटीपीतून कीटकनाशक, बुरशीनाशक जातं, त्याच पाईपने क्रेट किंवा गोठा धुवायचा नाही. रबरी पाईपमध्ये, टाकीच्या कोपऱ्यात औषधाचा अंश राहतो. साबणाने तो सुटतो आणि क्रेटला लागतो. तुम्ही द्राक्षाला, टोमॅटोला काढणीपूर्व कालावधी काटेकोर पाळलात आणि माल मात्र औषध लागलेल्या क्रेटमध्ये भरला, तर त्या मेहनतीचा काय उपयोग? गोठ्यात तर दुधाचा प्रश्न आहे.

फवारणीची यंत्रणा फवारणीला, धुण्याची यंत्रणा धुण्याला. जोडणी जुळत नाही म्हणून तार आणि क्लिप लावून जुगाड करणंही धोक्याचं आहे. योग्य आट्यांचा ॲडॉप्टर मिळत नसेल तर नका लावू.

━━━━━━━━━━
*६) साबण किती घालायचा?*
━━━━━━━━━━

बाटलीत जो साबण कालवता, तो तसाच क्रेटवर पडत नाही. मशीनच्या पाण्यात तो आणखी पातळ होतो. आपल्या गनचं प्रमाण काढायची पद्धत:

१. बाटलीत १ लिटर *साधं पाणी* भरा. डोसची गुंडी पूर्ण उघडा.
२. गन चालवा आणि बाटली रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते मोजा.

समजा १ मिनिट लागला आणि मशीन ६ लिटरचं आहे. म्हणजे बाटलीतलं १ लिटर + मशीनचं ६ लिटर = ७ लिटर द्रावण बाहेर पडलं. साबणाच्या लेबलवर लिटरला २० मिली लिहिलं असेल, तर ७ × २० = *१४० मिली साबण बाटलीत, बाकी पाणी घालून १ लिटर.*

गुंडी कमी केल्यावर बाटली ३ मिनिटं पुरली, तर १ + १८ = १९ लिटर द्रावण. तोच १४० मिली साबण आता लिटरला जेमतेम ७ मिली पडला. "गुंडी कमी केली, साबण वाचला" असं वाटतं, पण मळ निघत नाही आणि दोनदा धुवावं लागतं.

📌 पावडर वापरू नका, न विरघळलेले कण जाळीत बसतात. पातळ साबण घ्या. घट्ट असेल तर मगमध्ये कोमट पाण्यात कालवून, फडक्याने गाळून बाटलीत ओता.
📌 जड, क्षारयुक्त पाण्याला फेस कमी येतो. शक्य असेल तर बाटलीतलं कालवण तरी साठवलेल्या पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात करा. १ लिटरचाच प्रश्न आहे.

━━━━━━━━━━
*७) क्रेट धुण्याचा क्रम*
━━━━━━━━━━

१. क्रेट उलटे आपटून सुकी माती, पाला काढा. साध्या पाण्याने चिखल उतरवा. चिखलावर फेस मारणं म्हणजे साबण फुकट घालवणं.
२. फेस *खालून वर* मारा, म्हणजे कोरडा भाग राहिला तर दिसतो.
३. ५ ते १० मिनिटं थांबा. फेसाचा फायदा हाच, तो उभ्या बाजूलाही चिकटून राहतो आणि मळ भिजतो. पण *वाळू देऊ नका.* सावलीत किंवा सकाळी धुवा. उन्हात ४-५ क्रेटची छोटी रास घ्या.
४. कोपऱ्यांत ब्रश फिरवा.
५. साध्या पाण्याने *वरून खाली* धुवा.
६. मग निर्जंतुकीकरण. ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरला ५ मिली घेतलं की साधारण २०० पीपीएम होतं. हे ड्रममध्ये करून क्रेट बुडवा. पाणी गढूळ झालं की बदला, कारण मातीत आणि सडक्या मालात क्लोरीन खर्ची पडतं. आधी साबण, मग क्लोरीन, हा क्रम त्यासाठीच.
७. निथळून पूर्ण वाळवा, मगच रचा.

धुतलेलं पाणी प्लॉटकडे किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नका. जो रोग क्रेटवरून उतरवला, तोच पाटाने रानात सोडल्यासारखं होईल.

━━━━━━━━━━
*८) दोष आणि उपाय – झटपट यादी*
━━━━━━━━━━

❌ *फेस पातळ* → प्रवाह मोजा, जेट बघा, मग जाळी, मग साबणाचं प्रमाण. याच क्रमाने.
❌ *साबणच ओढत नाही* → बाटलीतली नळी निसटली का? गुंडी बंद आहे का? बाटलीला हवा आत जायचं छिद्र बुजलंय का?
❌ *मोटर चालू-बंद* → जेट फार बारीक किंवा अडकलेलं. जेट काढून उलट बाजूने पाणी मारा.
❌ *आधी चांगला होता, आता कमी* → जाळीवर क्षार बसलेत. जाळी काढून सायट्रिक ॲसिडच्या हलक्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, स्वच्छ धुवा. तरी नाही झालं तर जाळी बदला.
❌ *फेस एका बाजूला जातो* → पुढच्या तोंडात कचरा.

रोज काम संपल्यावर बाटलीत साधं पाणी भरून अर्धा मिनिट गन चालवा. साबण आत वाळला की जाळी बसते. हे एक काम केलं तरी गन बरीच जास्त टिकेल.

━━━━━━━━━━
⚠️ *९) हे मात्र पाळाच*
━━━━━━━━━━

🔴 वॉशरची धार हातावर घेऊन दाब बघू नका, कुणाच्या अंगावर मारू नका. १०० बारची धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणीएवढी जखम दिसते, आत पाणी आणि साबण खोल गेलेला असतो. दुखत नसलं तरी *लगेच दवाखान्यात जा* आणि प्रेशर वॉशरची धार लागलीय असं डॉक्टरांना सांगा.
🔴 क्लोरीन आणि ॲसिड एकत्र करू नका. विषारी वायू तयार होतो. जाळी सायट्रिक ॲसिडमध्ये ठेवली असेल तर ती साध्या पाण्याने धुतल्याशिवाय दुसरं काही घालू नका.
🔴 क्लोरीन फोम गनमधून फवारू नका. तुषार नाका-डोळ्यांत जातात आणि पितळही खराब होतं.
🔴 ओल्या जमिनीवर विजेचं मशीन आहे. अर्थिंग पक्कं हवं, बोर्डवर गळती-प्रवाह तोडणारा स्विच हवा. उघडे जोड आणि टेप लावलेली वायर चालणार नाही.
🔴 गोठा धुताना जनावरं बाहेर काढा. सडावर, कासेवर फेस किंवा धार नको.
🔴 मशीन बंद केल्यावर ट्रिगर दाबून पाईपमधला दाब सोडा, मगच गन काढा.
🔴 चष्मा, हातमोजे, गमबूट. लहान मुलांच्या हातात गन देऊ नका.

━━━━━━━━━━
✅ *आजचं काम (१५ मिनिटं)*
━━━━━━━━━━

१. मशीनच्या पट्टीचा फोटो काढा.
२. बादलीने मोजून सेकंद लिहून ठेवा.
३. गनच्या जेटचा आकडा बघा.

या तिन्ही गोष्टी याच नंबरवर पाठवा. तुमच्या मशीनला कोणतं जेट लागेल ते मी कळवतो. एकाच मापाचे जेट बऱ्याच जणांना लागले तर कंपनीमार्फत एकत्र मागवू. *तोपर्यंत नवीन मशीन किंवा नवीन गन घेऊ नका.* बहुतेकांचं काम एका छोट्या पितळी तुकड्यावर भागेल असा माझा अंदाज आहे.

आणि हंगाम सुरू व्हायच्या आत क्रेट धुऊन, वाळवून ठेवा. पहिल्या तोड्याच्या आदल्या रात्री घाईत धुतलेले ओले क्रेट माल खराब करतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा शेजारच्या सभासदाला हा मेसेज वाचून दाखवा. 🙏

– आपला कृषी सल्लागार